जपूनरावांनी बदललेली पट्टी

पार्सल कचेरीत त्यांना सगळे जपूनराव म्हणत. त्यांनी बांधलेल्या काचेच्या सामानाला वाटेत साधा तडाही जात नसे. (घरातल्या कपांचे कान मात्र त्यांना नुसतं पाहूनच गळायचे.) त्यामुळे बायको जेव्हा म्हणाली, "कॉम्प्युटर फार रखडतोय, मेकॅनिकला बोलावते," तेव्हा त्यांचा अभिमान दुखावला.

"मेकॅनिक कशाला? रॅमची एक पट्टी तर बदलायची! आयुष्यभर नाजूक मालच हाताळलाय मी."

"अहो, माझा दवाखान्याच्या इमारतीचा नकाशा अर्धा झालाय त्यात. उद्या सकाळी साहेबांना द्यायचाय. बिघडलं तर काय दाखवू, तुमचं तोंड?"

जपूनरावांनी तयारी चोख केली. आधी कॉम्प्युटरचा प्लग काढला. अंगातल्या विजेने आतले भाग जळतात असं त्यांनी वाचलं होतं. म्हणून लोकरीचा स्वेटर उतरवला, मोजे काढले आणि घडोघडी कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावू लागले.

"मला कोणी हात लावू नका! अंगात वीज असते."

"सकाळी दहा हाका मारल्या तरी उठत नाही, तेव्हा कुठे जाते ती?" बायको आतून म्हणाली.

शेजारी टॉर्च धरून उभी असलेली लेक हसू दाबत होती. (उजेड थरथरत होता तो त्यामुळेच.)

झाकण काढलं तर आत धुळीची गादीच! त्यांनी मऊ ब्रशने ती झटकली, पंखा बोटाने धरून पुसला. नवी पट्टी चंदेरी पिशवीतून, कडांना धरून अलगद काढून टेबलावर ठेवली. मग चाप उघडून जुनी काढली आणि तिच्या शेजारी ठेवली. दोघी जणू जुळ्या बहिणी.

एवढ्यात रिकामी पिशवी दिसली आणि हात कचेरीत असल्यासारखे चालू लागले. एक पट्टी पिशवीत घातली, तोंड चिकटवलं, वर 'जुनी. जपून ठेवणे' असं लिहिलं आणि पिशवी कपाटात ठेवली. उरलेली पट्टी खाचेत बसवली. टक्!

कॉम्प्युटर सुरू झाला आणि नकाशा भराभर उघडला.

"अहो, पळतोय की!" बायको म्हणाली. जेवणाआधी तिचं काम संपलं. जपूनरावांनी लगेच मेहुण्याला फोन करून आपली कामगिरी दोनदा ऐकवली.

दुसऱ्या दिवशी नकाशा पसंत पडल्याची बातमी घेऊन बायको घरी आली. खुशीत म्हणाली, "ती जुनी पट्टी माझ्या मैत्रिणीला देऊन टाकू या."

लेकीने पिशवी उघडली, पट्टी उलटून पाहिली.

"बाबा, जुनीवर याच महिन्याचा गॅरंटीचा स्टिकर कसा?"

जपूनरावांनी उगाच कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावला.

"मग काल पळाला तो कशाने?" बायकोने विचारलं.

"धूळ गेली ना, तापायचा थांबला," लेक हळूच म्हणाली.

बायकोने छताच्या पंख्याखाली स्टूल ओढलं आणि नवऱ्याच्या हातात फडकं दिलं.

"पट्टीचं मेकॅनिक बघेल. पुसायला मात्र हात छान आहे हो तुमचा. हा पंखा झाला की खिडक्या घ्या. आणि स्वेटर काढून चढा बरं, अंगात वीज असते!"