कोलंबसवर खडूची फुली

खानझोडे काका पाळण्यात बसायच्या आधी जेवतात. तुम्ही-आम्ही अशा ठिकाणी जाताना पोट रिकामं ठेवतो, निदान हलकं तरी. काका घरून डबा नेतात, पार्कच्या फाटकाशी सिमेंटच्या बाकावर बसून तो सावकाश संपवतात, मिशी पुसतात आणि मग गरगर फिरवणाऱ्या किंवा उंचावरून खाली सोडून देणाऱ्या एखाद्या यंत्रात जाऊन बसतात. उतरल्यावर मिनिटभर डोळे मिटून उभे राहतात. आतून काय उत्तर येतं याची वाट पाहतात. मग खिशातून वही काढून लिहितात: "वरणभात टिकतो. भजी टिकत नाहीत."

हा त्यांचा अभिप्राय. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. सगळ्यात खाली पाण्याचा घोट, त्यावर चहा, मग पोहे, मग वरणभात आणि सगळ्यात वर लग्नाचं जेवण. लहान मुलांच्या लाकडी घोड्यांना लग्नाचं जेवण मिळालेलं आहे. कोलंबस नावाची जी भली मोठी होडी झोपाळ्यासारखी झुलते, तिला मात्र "चहा, तोही अर्धा" यापलीकडे काका कधी गेले नाहीत. "आंगावर घेतल्याशिवाय काय समजते, भाऊ?" हे त्यांचं आवडतं वाक्य. अंगावर घेतात म्हणजे अक्षरशः घेतात. दोन शर्ट त्यात गेले.

काका रेल्वेत गाड्या तपासायच्या कामाला होते. गाडी थांबली की हातोडी घेऊन डब्यांच्या चाकांवर टण् टण् मारत जायचं आणि आवाजावरून चाक चांगलं की तडकलेलं ते सांगायचं. डबा नादुरुस्त वाटला की त्यावर खडूनं फुली मारायची. मग तो डबा कोणीही पुढे नेत नाही, दुरुस्त होईपर्यंत साक्षात मंत्रीसाहेब आले तरी नाही. या कामात काकांच्या कानाचं नाव झालं होतं. रायपूरच्या चौबे कॉलनीत आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी भिंतीपलीकडून ऐकून आमच्या पंख्याचं निदान केलं होतं. पंखा पंधरा दिवसांत गेला. तेव्हापासून आमच्या घरी त्यांच्या कानाविषयी कोणी थट्टेनं बोलत नाही.

रायपूर राजधानी झालं आणि काकांना दुसरी नोकरी लागली, बिनपगारी. राजधानी होण्याआधी आमचे विदर्भातले नातेवाईक रायपूरवरून जाताना गाडीतून उतरत नसत. फार तर खिडकीतून हात बाहेर काढून आमच्याकडून डबा घेत. राज्य वेगळं झालं, मंत्र्यांच्या गाड्या धावू लागल्या, केस कापणाऱ्यानंसुद्धा दुकानाच्या पाटीवर "राजधानी" लिहून घेतलं, आणि या मंडळींना अचानक आमची आठवण येऊ लागली. राजधानी पाहायला म्हणून ते सहकुटुंब येत. आता राजधानीत पाहायचं काय? मंत्रालय बाहेरून पाहून होई. तेलीबांधा तलावाला एक फेरी होई. सदर बाजारात बायकांच्या साड्या होत. मग उरे तलावापासून पुढे, नव्या राजधानीच्या रस्त्याला उघडलेलं ते पार्क. तिथं जायच्या आदल्या दिवशी प्रत्येक कुटुंबाला काकांपुढं बसावं लागे.

आमचा मेहुणा अमरावतीहून बायको, दोन मुलं आणि त्याच्या सासूबाई असा आला, तेव्हाची गोष्ट. काकांनी सगळ्यांना ओळीनं खुर्च्यांवर बसवलं आणि चौकशी सुरू केली. बीपी आहे का? गुडघे? चक्कर? मूळव्याध? मेहुण्याची बायको लाजून आत निघून गेली. सासूबाईंना मात्र इतक्या आपुलकीनं कोणी बऱ्याच वर्षांत काही विचारलं नव्हतं. त्या तासभर बोलल्या. शेवटी काकांनी चिठ्ठी लिहून दिली. "आजी: गुडघे. ड्रॅगनची गाडी चालेल, पण डाव्या बाजूनं बसणे, वळणावर उजवीकडं लोटते. मुलं: कुठेही, पोह्यांनंतर दोन तासांनी. जावईबापू: वजन जास्त, आवाज त्याहून जास्त. मधात बसवणे."

"आमच्या अमरावतीले याच्यापेक्षा मोठा पाळणा आहे," मेहुणा म्हणाला. तो कुठंही गेला की हे म्हणतोच.

"असन ना," काका म्हणाले. "तपासला कोनं?"

मेहुण्यानं विचारलं, सासूबाईंना एकंदर भीती वाटेल का. काकांनी उलट विचारलं, त्या काल सदर बाजारात गेल्या होत्या का, पायी? हो म्हटल्यावर त्यांनी वही मिटली. सदर बाजारातल्या मोटारसायकलींमधून पायी बाहेर आलेल्या माणसाला ड्रॅगन काहीच करू शकत नाही, असा त्यांचा शेरा होता. तो खराही ठरला. सासूबाई ड्रॅगनमध्ये तीनदा बसल्या आणि मेहुणा एकदाच, तोही डोळे मिटून.

असं सगळं सुरळीत चाललं असताना तो रविवार आला.

रेल्वे कॉलनीतल्या मराठी मंडळींनी त्या दिवशी पार्कमध्ये सहल काढली होती. निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, त्यांच्या बायका, त्यांच्याकडे गोंदिया-अकोल्याहून आलेले पाहुणे, चाळीसेक माणसं सहज असतील. मीही सोबत होतो. कोलंबसपुढं रांग लागली होती. काका पहिल्या फेरीत बसून उतरले आणि होडीच्या बाजूला जाऊन डोळे मिटून उभे राहिले. होडी प्रत्येक वेळी टोकाला गेली की कर्र करून एक आवाज येत होता, आणि मागोमाग बारीकसा कट्. काकांचा चेहरा उतरला. ते पुन्हा बसले, पुन्हा उतरले, पुन्हा ऐकलं. मग होडी थांबल्यावर शांतपणे पुढं गेले, खिशातून खडू काढला आणि तिच्या निळ्या पोटावर हातभर मोठी फुली मारली.

पार्कच्या माणसांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला चित्र काढायची हौस आहे. पण आमच्या रांगेला सगळं कळलं. ज्यांनी आयुष्यभर खडूच्या फुलीपुढं गाडी थांबवली, ती माणसं रांगेतून बाजूला झाली. एका गार्डच्या बायकोनं आत जाऊन बसलेल्या नातीला दंडाला धरून बाहेर काढलं. रेल्वेची माणसं उतरताना पाहून बाकीचेही उतरले. काय झालं ते कोणी विचारलं नाही, सगळे उतरतात म्हणजे काहीतरी असणार. त्या रविवारी दुपारभर कोलंबस रिकामा उभा होता आणि लोक लांबून त्याच्याकडं पाहत भेळ खात होते.

मॅनेजर धावत आला. तरुण होता, गळ्यात टाय होता. त्यानं काकांचं ऐकून घेतलं, मग होडीच्या टोकाला जो राक्षसाचा चेहरा लावला होता, त्याच्या मागे हात घालून एक बटण दाबलं. होडी झुलवली. आवाज नाही. पुन्हा बटण दाबलं. कर्र, कट्.

"काकाजी, ये टेप है," तो म्हणाला. "लोगों को डराने के लिए. इसी हफ्ते खास बाहर से मँगवाया है ये आवाज."

आमच्यातलं कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मीही हसलो, हे कबूल करायला हवं. चौतीस वर्षं ज्या कानानं तडकलेलं चाक पकडलं, त्याला राक्षसाच्या तोंडात लपवलेल्या भोंग्यानं फसवलं होतं.

काका हसले नाहीत. "टेप असन," ते म्हणाले. "पण टेपच्या मांगूनबी एक आवाज हाये." मॅनेजरनं चार वेळा बटण दाबून दाखवलं, तरी त्यांनी फुली पुसायला नकार दिला. शेवटी मॅनेजरनंच रुमालानं ती पुसली आणि सांगितलं, चूक झाली असं जोवर काकाजी लिहून देत नाहीत, तोवर त्यांना फाटकातून आत सोडायचं नाही.

"लिहून देऊ?" परतताना काका रिक्षात एवढंच बोलले. "कानाची चूक झाली म्हणून? मी?"

पुढचे आठ दिवस काका घरातून बाहेर पडले नाहीत. नागपूरहून एक कुटुंब चौकशीला आलं, त्यांना दारातूनच परत पाठवलं. मला वाटलं, मानी माणूस आहे, चार दिवस रुसेल. आणि खरं सांगतो, त्या हसण्याची लाजही वाटत होती. म्हणून एका संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो. काका चहा करायला आत गेले.

घरातला चहा काकाच करत. काकूंच्या हृदयाची झडप नीट चालत नाही, चार पावलं टाकली तरी त्यांना धाप लागते. त्या सहसा खिडकीजवळच्या पलंगावर बसलेल्या असतात आणि कमी बोलतात. त्या दिवशी त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि उशीखालून काकांची वही काढली.

"हे पूर्ण वाचलं का तुमी कधी?"

मी फक्त पहिल्या ओळी वाचल्या होत्या, चहा, पोहे, वरणभात. प्रत्येक पानाच्या तळाला आणखी एक ओळ होती. ड्रॅगनच्या पानावर: "वळणावर झटका. सुमन: नाही." गरगर फिरणाऱ्या टोरा-टोराच्या पानावर: "सुरू होताना झटका. सुमन: नाही." पानामागून पान तेच होतं. सुमन म्हणजे काकू.

"भंडाऱ्याले होती तवा मी जत्रेतल्या आकाशपाळण्यातून उतरतच नवती," त्या थांबत थांबत सांगू लागल्या. "लग्नानंतर इथं महादेव घाटच्या मेळ्यात ह्यायले म्हटलं, चला बसू. तर पाळण्याचे बोल्ट पाहून म्हणाले, हा नाही, दुसरा पाहू. मंग ड्युटी, मंग पोरं, मंग माही झडप. डॉक्टर म्हणते, कुठंबी जा पण झटका नको. हे पार्क झालं तवा मी हसूनच म्हटलं, आता तरी एखाद्यात बसवा मले. बस, तेवढंच म्हटलं होतं."

मी शेवटचं पान उघडलं. आकाशपाळणा. "सुरू होताना झटका नाही. थांबताना थोडा, हळू थांबवला तर नाही. सकाळी, गर्दी नसताना. सुमन: चालेल." खाली काकूंना न्यायचा मंगळवार तारखेसह लिहिला होता. फुलीचा रविवार त्याच्या दोनच दिवस आधीचा.

म्हणजे अमरावतीचे, गोंदियाचे, अकोल्याचे आम्ही सगळे जण काकूंच्या निमित्तानं तपासून निघालो होतो. काका चहा घेऊन आले, वही माझ्या हातात पाहिली आणि कप खाली ठेवून परत आत गेले. साखर आणतो, असं सांगून पाच मिनिटं आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे होते. हातात कागद. "हिंदी बरोबर हाये का पाहून द्या," म्हणाले. कागदावर लिहिलं होतं की आवाज टेपचा होता, तो ओळखण्यात माझ्या कानाची चूक झाली, त्याबद्दल खेद आहे. खाली पूर्ण नाव, रेल्वेतला हुद्दा आणि सही. हिंदीत एकही चूक नव्हती. मी तसं सांगितलं तरी ते जागचे हलले नाहीत.

"तुमी चला सोबत," ते म्हणाले. "मले एकट्यानं देणं नाही जमत."

मंगळवारी सकाळी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. पार्कमध्ये आमच्याशिवाय झाडू मारणाऱ्या दोन बायका होत्या. मॅनेजरनं कागद वाचला, त्याला गंमत वाटली आणि त्यानं तो तिकीट देणाऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवला. "काकाजी का कान भी रिटायर हो गया," तो म्हणाला. मनानं वाईट नव्हता, वय लहान होतं. पाळणा हळू फिरवायची आणि हळू थांबवायची आमची विनंती त्यानं लगेच मान्य केली.

"हव," काका म्हणाले. "हो गया रिटायर." आणि खाली मान घालून काकूंना हात द्यायला वळले.

मी काकूंची पिशवी आणि औषधाची डबी घेऊन खाली उभा राहिलो. पाळणा इतका हळू चढला की फिरतोय की नाही ते कळेना. काकू एका हातानं पदर सावरत, दुसऱ्यानं दूर कुठंतरी दाखवत होत्या. काका बोल्टांकडं पाहत नव्हते, त्या दाखवतील तिकडं पाहत होते. अगदी वर गेल्यावर पाळणा थोडा वेळ थांबला. तिथून त्यांचं हसणं खाली मला ऐकू आलं. काकूंचं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

खाली आल्यावर त्या थोडा वेळ बसून राहिल्या. धाप ओसरली तशी त्यांनी मॅनेजरला बोटानं जवळ बोलावलं.

"भैया, वो कागज वापस दो."

"कौन सा, अम्मा?"

"इन्होंने दिया वो. उसमें गलत लिखा है." त्यांनी दम घेतला. "इनके कान को कुछ नहीं हुआ. मैं इधर के कमरे में रहती, ये उधर रसोई में. मेरी साँस जरा अटकी, कि चूल्हे पर का दूध छोड़ के आ जाते हैं. मुझे पता चलने से पहले."

मॅनेजर तिकीट देणाऱ्याकडं पाहू लागला. मग त्यानं खिशातून कागद काढला आणि दोन्ही हातांनी काकूंपुढं धरला. काकूंनी त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि माझ्या हातातली पिशवी घेऊन तो आत टाकला.

"अवं, रेकॉर्डचा कागद हाये तो," काका म्हणाले.

"असू द्या," काकू म्हणाल्या, आणि उठण्यासाठी त्यांचा हात धरला.