टोल्याची तार आणि हिरवा स्वेटर

‘तीस वर्षांत या हातून एकही घड्याळ बिघडलं नाही!’ अशी पाटीच घड्याळजींनी दुकानाच्या दारावर ठोकली होती. बरं, ठोकली ती ठोकली, वर येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्याने वाचूनही दाखवायचे! आणि मंगळवारी दुपारी, बायको बहिणीकडे गेलेली असताना, निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या भिंतीवरच्या घड्याळातली टोल्याची तार त्यांच्याच हातात कटकन तुटली. छोटी हातोडी जिच्यावर आपटून टण्ण वाजतं, तीच ती तार.

आधी घड्याळजींना पाटी दिसली, मग बाईंची छडी दिसली. अर्ध्या गावाने खाल्ली होती ती!

पण हार मानतील तर ते घड्याळजी कसले! कुठल्याशा पुरवणीत त्यांनी वाचलं होतं, की प्रश्न बेताने विचारला तर न घडलेलंही माणसाला शपथेवर आठवतं. “घड्याळाचेच काटे मागे फिरवायचे, त्यात काय एवढं!” ते स्वतःशीच म्हणाले.

बुधवारी बाई धाकट्या भावाला घेऊन आल्या. घड्याळजींनी काच पुसता पुसता सहज विचारलं, “बाई, याचे टोले बंद पडून किती वर्षं झाली हो?”

“टोले?” बाईंनी चष्मा वर सरकवला. “बंद कुठे पडलेत?”

“तुमच्या वडिलांच्या वेळीच पडले असतील, नाही का?”

बाई घड्याळाकडे निरखून पाहू लागल्या. तेवढ्यात भाऊ म्हणाला, “अगं ताई, असं काय करतेस! टोले पडले नाहीत म्हणून तर मी परीक्षेला उशिरा पोचलो!”

“हो, हो! आणि मी तुला धपाटा घातला होता,” बाई खुलल्या.

दोघं हसत हसत घड्याळ घेऊन गेली. गंगेत घोडं न्हालं!

गुरुवारी सकाळी घड्याळ काखोटीला मारून दोघं पुन्हा दारात हजर.

“घरी बसून सगळं नीट आठवलं,” बाई म्हणाल्या. “तेव्हा तुमचं दुकान नवंच होतं. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, हे तुमच्याकडेच आणलं होतं, आणि तार तुमच्याच हातून तुटली!”

घड्याळजी उडालेच. “माझ्या हातून? अहो, तुमच्या अण्णांना मी जन्मात पाहिलेलं नाही!”

“नाही कसं?” भाऊ म्हणाला. “पुढच्या खेपेला नवी तार फुकट बसवून देतो, असा शब्द दिलात. अंगात हिरवा स्वेटर होता तुमच्या.”

“हिरवा स्वेटर मी कधी घातलाच नाही!”

“अहो, असं काय करता?” गल्ल्यावरून बायको म्हणाली. “मीच विणलेला तो! एक बाही लांब झाली होती. त्या दिवशी तुम्ही जेवलाही नाहीत. विचारलं, तर म्हणालात डोकं दुखतंय.”

“अण्णा मात्र चिडले नाहीत हो,” बाईंचा आवाज हळवा झाला. “तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, होतं असं कधी कधी.”

घड्याळजींनी खांदा चाचपला. खरंच की, होता तो हात! चांगला जाडजूड, उबदार. आणि ती लांब बाहीच तारेत अडकली असणार! त्यांचे डोळे भरून आले.

“भुवया दाट होत्या ना त्यांच्या?” त्यांनी विचारलं.

“झुडपं नुसती!” बायकोसकट तिघंही एकदम म्हणाली.

नवी तार फुकट बसली. संध्याकाळी घड्याळजींनी स्वतःच्या हाताने पाटी उतरवली. तीस वर्षं पोटात ठेवलेलं पाप बाहेर पडल्यावर त्यांना कसं हलकं हलकं वाटत होतं.

बायको केर काढत होती. टेबलाखालून तिच्या केरसुणीत तारेचा एक चकचकीत तुकडा आला. “अहो, हे काय? सोमवारी तर मी सगळं झाडलं होतं. तेव्हा नव्हतं हे.”

घड्याळजींनी तुकडा उजेडात धरला आणि सुस्कारा सोडला.

“अण्णांचीच तार ही! तीस वर्षं टेबलाखाली पडून आहे, आणि म्हणे मी झाडते!”