थंड व कोरड्या जागी ठेवावे

शासकीय इमारतींनी ऊर्जा वाचवावी, असे परिपत्रक १९८६ च्या जानेवारीत आमच्या चंद्रपूरच्या कार्यालयात येऊन पडले. त्याच सुमारास भामरागडच्या अलीकडे, जंगलातल्या एका गावात, आरोग्य उपकेंद्र बांधायचे होते. गावात वीज नव्हती, त्यामुळे ऊर्जा वाचवायला याहून सोयीची जागा मिळणे कठीण होते. अंदाजपत्रकात मी ‘विजेचा वापर शून्य, बचत शंभर टक्के’ असे लिहिले आणि ते पहिल्याच फेरीत मंजूर झाले.

मी कनिष्ठ अभियंता. कोणती वस्तू, कोणत्या प्रतीची, कोणाकडून घ्यायची, हे ठरवणारा चौदा पानी तक्ता मी स्वतः तयार केला. माती, बांबू आणि कवेलूंना, म्हणजे कौलांना, माझा विरोध होता असे काही लोक म्हणतात. ते धादांत खोटे आहे. जुने उपकेंद्र गावातल्या वारलूच्या अर्ध्या घरात चालायचे, बांबूच्या कुडाच्या आणि मातीने लिंपलेल्या भिंती, वर कवेलू. आत गारवा होता हे मी नाकारत नाही. पण तक्त्यात रकाने असतात.

“ही माती कोणी बनवली?” मी वारलूला विचारले.

वारलूने आधी जमिनीकडे पाहिले, मग माझ्याकडे. “पयलेपासून इथीच होती जी.”

“म्हणजे उत्पादकाचं नाव नाही. बरं, घर किती वर्षं टिकेल याची हमी कोण देईल?”

“आज्यानं बांधलं हाय. आज्या नाई राह्यला, घर हाय.”

हमी जिवंत माणसाची लागते. मी दोन्ही रकान्यांत रेघ मारली आणि माती बाद झाली. यात माझा काय दोष?

मंजूर झाले ते असे: विटांच्या भिंती, वर लोखंडी पत्रा, आणि पत्र्याखाली मुंबईच्या एका कंपनीचे उष्णतारोधक तक्ते. थर्मोकोलसारखे पांढरेशुभ्र, हलके, बोट दाबले की कुरकुरणारे. उत्पादकाचे नाव, पत्ता, हमी, सगळे छापील. तक्ते ट्रकने आले. ट्रकने किती डिझेल जाळले हे विचारू नये, ते वाहतुकीत मोडते, ऊर्जेत नाही.

३१ मार्चला इमारत कागदोपत्री पूर्ण झाली आणि वारलूची जागा सोडण्याचा आदेश निघाला. नर्स सत्यशीला रामटेके नव्या इमारतीत आल्या. आरमोरीच्या बाई, तोंडाने फटकळ. मे लागला तेव्हा पत्रा असा तापला की खोलीत ठेवलेली मेणबत्ती दुपारपर्यंत वाकून नमस्कार करायची.

“साहेब, ते तक्ते लावा ना एकदाचे,” बाई म्हणाल्या. “सुकरीले नववा लागला. मागच्या खेपेस घरीच मरता मरता वाचली. यंदा माह्या शब्दावर इथी यायले तयार झाली. या भट्टीत कुठी झोपवू मी तिले?”

मलाही लावायचेच होते. पण खोक्यावर ठळक छापले होते: ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे. पस्तीस अंशांपेक्षा जास्त तापमानात उघडू नये.’ इमारतीत बेचाळीस अंश होते. तक्ते लावल्याशिवाय इमारत थंड होणार नव्हती आणि इमारत थंड झाल्याशिवाय तक्ते लावता येत नव्हते. मी कंपनीला लिहिले. कंपनीने वातानुकूलन यंत्र लावून काम करावे, असे कळवले. मी वीज मागितली. खांब पावसाळ्यानंतर येतील, असे उत्तर आले.

तोवर तक्ते ठेवायचे कुठे? चौकीदारासाठी वारलूने आवारात सहा दिवसांत एक झोपडी उभी केली होती. बांबू, माती, कवेलू. मी आत थर्मामीटर टांगला. एकतीस अंश. तक्ते तिथे रचले आणि कुलूप लावले.

वीस मेला भर दुपारी सुकरीला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा डोमा तिला बाजेवर घालून घेऊन आला. बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “झोपडीची चाबी द्या.”

“तिथे शासकीय साहित्य आहे.”

“अन् हे काय होय?” त्यांनी सुकरीकडे बोट केले.

मी नियम काढून वाचू लागलो. मी वाचत असतानाच डोमाने कुलूप दगडाने फोडले, वारलूने तक्ते उचलून पत्र्याखाली नेऊन टाकले आणि सुकरी आत गेली. त्या वेळी मला फार संताप आला, तो आजही गेलेला नाही. संध्याकाळी मुलगी झाली. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप होत्या. तक्ते मात्र भाजलेल्या पापडासारखे वळले.

चौकशीला कार्यकारी अभियंता गुणवंतराव जातीने आले. नव्या इमारतीत ते तीन मिनिटे बसले, मग चौकशी झोपडीत घ्यावी असे ठरले. बाळ-बाळंतिणीला बाहेर मोहाच्या झाडाखाली बसवले. गुणवंतराव भिंतीला टेकले, डोळे मिटून म्हणाले, “इथे पंखा कुठे लपवलाय?” पंखा नव्हता. तासाभराने उठून त्यांनी निर्णय दिला. ऊर्जा वाचवणाऱ्या साहित्याचे नुकसान केल्याबद्दल नर्सबाईंची वेतनवाढ बंद. आणि यापुढे प्रत्येक ऊर्जा-बचत इमारतीशेजारी, तक्त्यांच्या रक्षणासाठी, अशी एक मातीची झोपडी सक्तीची.

“मंग पेशंट काऊन पत्र्याखाली ठेवता?” बाई म्हणाल्या.

गुणवंतरावांना प्रश्न गैर वाटला नाही. “बाई, पेशंटवर ‘थंड व कोरड्या जागी ठेवावे’ असं कुठे छापलंय?”

त्याच दुपारी सुकरी बाळाला पदरात घेऊन पायी घरी गेली. पुढे कळा आल्या तरी गावातली एकही बाई उपकेंद्रात आली नाही. नवे तक्ते पुरामुळे नदीच्या अलीकडच्या काठावरच अडकले, त्यांच्यासाठी झोपडी मात्र सारवून तयार आहे.

तुम्ही हसताय. हसा. पण तुमच्याही घरावर कवेलू होते आणि मे महिन्यात दुपारी झोप लागत होती. ते तुम्हीच उतरवले, स्लॅब टाकला आणि गल्लीभर पेढे वाटलेत. आता कुलरसमोर बनियनवर बसून मला नावे ठेवताय. चौदा पानांचा तक्ता मी लिहिला हे खरे, पण ‘पक्कंच पाहिजे’ हे सांगायला माझ्या टेबलापाशी तुम्हीच आला होतात.