मडकी फुटली तो दंगा की गाऱ्हाणे, याच्या निवाड्याची हकिकत

श्री. तहानेल्याची आण राखणारा देव समर्थ आहे. शके सोळाशे त्रेपन, विरोधकृत नाम संवत्सरे, चैत्र वद्य सप्तमीचे वर्तमान ऐसे जे: कोण्या एका राज्यात (नाव पुसो नये, लिहिणारास घरदार आहे) तळ्याचे पाणी सरकारी बागेकडे वळविले आणि कुंभारवाडा कोरडा पडला. अर्ज तीन गेले, तिहींवर दिवाणजींनी ‘पाहू’ ऐसा शेरा मारिला. मग गोजराबाई कुंभारीण, जिभेची तिखट परंतु मनाची निर्मळ, तिणे शंभर बायका जमविल्या आणि रिती मडकी घेऊन राजद्वारी आली आणि जिची तिणे आपल्याच हाते फोडिली. कोणास धक्का नाही, दगड उचलिला नाही.

त्या राज्याची रीत ऐसी की, दोन प्रहरी महाराज वामकुक्षी करीत तो राजद्वारी जोडा वाजू नये, सर्वांनी जोडे काखेस मारून अनवाणी चालावे. कोतवाल म्हाळोजीराव गलबला ऐकोन धावले, जोडे काखेत तैसेच, आणि खापरावर पाय पडोन भळभळा रक्त चालिले. मग काय विचारता, दिवाणजींस आयते निमित्त सापडले. कायदा ऐसा की, रक्त सांडले तो दंगा, आणि दंगा करणार तो हद्दपार. बाईचे घर, भट्टी, तान्हे नातवंड, सर्व सुटावयाची वेळ आली.

तिसरे दिवशी दरबार भरला. दिवाणजी बोलिले, “रक्त सांडले. याहून दंगा तो काय?” गोजराबाई म्हणाली, “मडकं माझं, हात माझा, फोडलं मी. कोतवालसाहेबांच्या पायाला मी काही आवतण धाडलं नव्हतं.” एक सरदार म्हणे, फुटले मडके हे शस्त्रच, दुसरा म्हणे, ऐसे असेल तर आमचे स्वयंपाकघरात नित्य लढाई होते. ऐसा प्रहरभर काथ्याकूट जाहला आणि मग महाराजांनी कोतवालांस पुसिले, “पाय तुमचा, तुम्ही सांगा.”

दिवाणजी डोळे वटारोन पाहत होते, तरी म्हाळोजीराव बोलिले, “महाराज, जोडे पायांत असते तर ओरखडा न येता. जखम धुवावयास पाणी मागितले, तो आसपास थेंब नाही. मग हीच बाई धावत घरी गेली आणि नातवंडासाठी राखिलेले तांब्याभर पाणी आणून माझे पायावर ओतिले. हिला दंगेखोर म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.”

महाराजांस लाज वाटली, हे आम्ही समक्ष पाहिले. मग बोलिले, “हे रक्त आमचे झोपेपायी सांडले. बाईस मानाने घरी पोचवा, आणि पाणी आजच कुंभारवाड्याकडे वळवा.” तो गोजराबाई म्हणाली, “थोडं बागेलाही असू द्या, महाराज. झाडांनी काय केलंय?”

येणेप्रमाणे दंगा नव्हे, गाऱ्हाणे, ऐसा निवाडा जाहला आणि सांजेस कुंभारवाड्यात पाणी आले. गर्दी पाहोन घाबरणारांनी इतकेच ध्यानी धरावे की, पहिलाच अर्ज वाचिला असता तर शंभर मडकी वाचती.