शेंगतेलाचा टेम्पो

माझे वडील चिंधा पाटील वारल्यानंतर विसाव्या दिवशी त्यांच्या टेम्पोचं पासिंग होतं. साल १९९४. सुरतेत कापडाचे तागे वाहणाऱ्या त्या टेम्पोवर आमचं डिंडोलीचं घर चालत असे. तो नापास झाला तर आता तो चालवणारा माझा भाऊ भूपेंद्र दुसऱ्या दिवसापासून घरी बसणार होता.

टेम्पोच्या पत्र्याला बावीस भोकं होती. पत्रा इतका गंजलेला की वेल्डिंग करायला गेलं की भोक मोठं होई. म्हणून वडिलांनी शेंगतेलाचे रिकामे डबे कापले, रिव्हेट ठोकले, कडांच्या फटींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. बावीस ठिगळं पक्की बसली. रंग द्यायचा राहिला.

परिवहन कार्यालयाच्या साहेबांनी गाडीभोवती फिरून वाचन केलं.

"शुद्ध शेंगतेल, पंधरा किलो. बेन, गाडी कापडाची ना? मग तेल क्यां छे?"

"तेल नाही साहेब. नुसता डब्याचा पत्रा आहे."

"लिहिलेलं आहे. लिहिलेलं मी खोटं कसं ठरवू?"

बावीस गुणिले पंधरा, म्हणजे तीनशे तीस किलो. साडेसातशेच्या गाडीत आता चारशे वीस किलोच कापड भरता येणार होतं.

भूपेंद्र म्हणाला, "साहेब, अजून ठिगळं मारली तर मला उतरावं लागेल का?"

"तसा वेगळा अर्ज करा."

तेल खाद्य असल्यामुळे कागद अन्नतपासणीकडे गेला. तिथून एक निरीक्षक बाटली आणि छिन्नी घेऊन घरी आले. पहिलं ठिगळ तासभर हललं नाही. आई ओट्यावरून शांतपणे म्हणाली, "तुना बापनं काम शे. असं कसं निंघी?"

शेवटी निघालं. आतल्या लांबीवर वडिलांच्या अंगठ्याचा ठसा होता. तो पत्रा मी पिशवीत ठेवला. निरीक्षक म्हणाले, नमुना आहे. मी म्हटलं, दुसरा घ्या.

आठ दिवसांनी अहवाल आला: 'नमुन्यात शेंगतेल आढळले नाही. भेसळ शंभर टक्के. सर्व नमुने वाहनावरून हटवावेत.'

हटवले. मग साहेब म्हणाले, "आता गाडी नियमात आली. फक्त भोकं दिसतात, म्हणून नापास."

"वेल्डिंग टिकत नाही, साहेब."

"वेल्डिंग कोण मागतंय? भोक दिसू नये, एवढंच फॉर्मात आहे."

ज्यांचे तागे वाहायचे त्या कापड कारखान्यातून भूपेंद्रने सुताला लावायची खळ आणली, साड्यांचे खोके फाडले आणि बावीस पुठ्ठे चिकटवले. वर आकाशी रंग दिला. साहेबांनी दहा पावलांवरून पाहिलं, मान डोलावली, शिक्का मारला. पुठ्ठ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही हसलात, ठीक आहे. तुमच्या गाडीला एकही भोक नाही, हेही मी मान्य करते. फक्त एक सांगा, रंग कधी दिला होता?