चंदेरी कागदाचा फ्यूज

"फ्यूज उडालाय? त्यात काय! दोन मिनिटांचं काम!" असं मी सगळ्या गल्लीच्या देखत बोलून बसलो.

लेइदिसचा, म्हणजे आमच्या एकुलत्या एक लेकीचा, पंधरावा वाढदिवस होता. आमच्या सिएनफुएगोसमध्ये पंधरावा म्हणजे लग्नाच्या तोडीचा! सासऱ्यांच्या त्रेपन्न सालच्या उघड्या गाडीतून, दिवे लावून, भोंगा वाजवत समुद्राकाठून मिरवणूक निघायची. आणि नेमका दिव्याभोंग्याचाच फ्यूज गेला! नवा अख्ख्या क्युबात मिळेना. मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद जुन्या फ्यूजला गुंडाळला आणि दिला बसवून. दिवे लागले, भोंगा केकाटला! बायको ओदाल्मिसने सतरा वर्षांत पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

मिरवणूक निघाली. चालवायला मी, शेजारी सासरे रिगोबेर्तो, मागे मच्छरदाणीएवढ्या घेरदार जाळीच्या झग्यात लेइदिस.

तिसऱ्या कोपऱ्यावर वास आला.

"कुणाचा तरी भात लागला," सासरे म्हणाले.

भात कसला! माझ्या गुडघ्यांपाशी धूर निघत होता! मागे पोरगी, अंगावर अठरा वार जाळी, एक ठिणगी पुरे! दिव्यांचं बटण ओढलं, ते हातातच आलं.

"वा! धूरसुद्धा!" फोटोग्राफर पुढून ओरडला. "अजून सोडा!"

मी ब्रेक दाबला. "लेइदिस, उडी मार!"

"पप्पा, फोटो काढतायत ना!"

मी तिला झग्यासकट उचललं आणि समुद्राच्या कठड्यावर नेऊन ठेवलं.

सासऱ्यांनी सावकाश बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर काढली आणि माझा काळाठिक्कर कागद बाहेर ओढला. "जावईबापू, कागद लावतात का कुणी? खिळा लावायचा, खिळा!" त्यांनी खिशातून खिळा काढला. "जळायचं नावच नाही!"

"बाबा, खिळा नाही जळणार, पोरगी जळेल!"

"अरे, तीस वर्षं लावतोय! बस गाडीत!"

मी नाही बसलो. बॅटरीची वायर हिसकावून खिशात घातली, लेइदिसला पुन्हा मागे बसवलं, स्टिअरिंग सासऱ्यांच्या हाती दिलं आणि मागून खांदा लावला. हॉलपर्यंत दोन किलोमीटर मिरवणूक माझ्या दमावर गेली. भोंग्याच्या जागी मीच धापा टाकत होतो.

अल्बममधल्या प्रत्येक फोटोत लेइदिस राणीसारखी दिसते आणि तिच्या मागे माझं लालबुंद तोंड. पाहुणे हमखास विचारतात, "अगं, गाडी बिघडली होती का?"

"छे!" लेइदिस म्हणते. "गाडी आजोबांनी लगेच नीट केली. पप्पाच बिघडले होते!"