मामांची भरती

सासरे मला पसंत करायला आले, तेव्हा त्यांनी आधी आमचा बैल बघितला. पाठीवर, बरगड्यांवर बोटं फिरवून माराचे वळ शोधले. सापडले नाहीत, तेव्हा माझ्याकडं वळले. म्हणाले, "ह्यात कायतरी मेख हाय. बैल लयच सुखी दिसतोय."

तरी मुलगी दिली.

त्यांना मी मामा म्हणायचो. राहायला इस्लामपूरकडं. देवळात घंटा वाजवायच्या आधी ती कडीला नीट अडकवलीय का बघायचे. कुणी हसून रामराम घातला तर "का पण?" विचारायचे. माझ्या बायकोला, सोनाला, आई नव्हती. ह्या एकट्या माणसानं तिला वाढवली. पहिल्या वर्षी मी आणलेली वेणीसुद्धा ती दोनदा झटकून माळायची.

तेव्हा दुसरी मोठी लढाई चालू होती. माझे वडील, अण्णा, आधीच्या लढाईतले पेन्शनर. घरातसुद्धा बूट घालून बसायचे. त्यांचं एकच, "घरटी एक गडी पलटणीत पायजेच. माझा बा हुता, मी हुतो, आता तू." मी एकुलता. सोनाला दिवस गेलेले. बुटाची हौस मलाही होती, आणि मरायची भीतीही वाटायची. जायचं का नाही, ठरत नव्हतं. सोनाला विचारलं तर ती चुलीत फुंकत बसायची.

लोणंदच्या बाजारात भरतीचा तंबू लागला. अण्णा मला घेऊन निघाले, तर मामा आदल्या दिवशीच येऊन ठेपलेले. तेही आले. तंबूपुढं हवालदार येईल त्याला चहा देत होता. मामांनी घोट तोंडात धरला आणि बाजूला जाऊन थुंकला.

"पावणं, पिऊ नगा. साखर डोळ्यांनी दिसंना झालीया, आन् ह्यो फुकट एवढं ग्वाड पाजतोय!"

"आवं, सरकारचा च्या हाय," अण्णा चिडले.

"म्हणून तर!"

रांगेत सगळ्यांचे सदरे उतरले. मीही उतरवला. छाती मोजणारा जवळ आला, तेवढ्यात पुढं गलका झाला. बघतो तर मामा. उघडे. पांढऱ्या केसांची छाती फुगवून, श्वास कोंडून उभे. तोंड वांग्यासारखं झालेलं.

हवालदार म्हणाला, "आजोबा, लढाई संपल्यावर या."

मामांनी श्वास सोडला. "घरटी एक गडी पायजे नव्हं? ह्यांच्या घरचा गडी म्या. सकाळी लेकीच्या हातची भाकरी खाल्लीया, घरी जाऊन इचारा तिला."

रांग खो खो हसली. अण्णा हसले नाहीत. नातवंड होईस्तवर लेकीच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, असा आमच्याकडचा रिवाज. मामा येताना पाण्याचा तांब्या बरोबर आणायचे.

"ह्या जावयाला घरी ठिवा," ते हवालदाराला हळू म्हणाले. "माज्या पोरीला आई न्हवती. तिच्या पोराला बाप तरी असू द्या."

मी माझा सदरा घातला आणि रांगेतून बाहेर आलो. अण्णांकडं बघितलं. ते मातीत पडलेला मामांचा सदरा उचलून झटकत होते.

परतताना मामा म्हणाले, "सोनाला ह्यातलं सांगू नगा. रडंल."

मी नाही सांगितलं. यंदा ती गेली. बापानं त्या सकाळी रिवाज मोडून भाकरी का खाल्ली, हे तिला कधी कळलं नाही. तिला वाटायचं, भाकरी चांगली झाली होती.